वाइल्ड वेस्टचा खरा जुगार : पोकर नव्हे, फेरो

इस्पिकचा एक्का

डॉज सिटी, टूमस्टोन, डेडवुड, लेडव्हिल ही अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गावांची नावं निघाली की आपल्याला पोकरच आठवतो. पोकर तिथं होताच. पण १९व्या शतकात या गावांतल्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यांमध्ये, ज्या टेबलाभोवती सर्वांत जास्त गर्दी असायची, तो खेळ म्हणजे फेरो. गाजलेला बंदूकबाज डॉक हॉलिडे शिकलेला दंतवैद्य, पण पश्चिमेत त्याचं पोट भरलं ते फेरोचे पत्ते वाटून आणि खेळून. टूमस्टोनच्या ओरिएंटल सलूनमधल्या जुगारात वायट अर्प या नामांकित पोलीस अधिकाऱ्याची भागी होती. त्याच्यासारखाच गाजलेला बॅट मास्टरसनही १८८१मध्ये काही दिवस तिथल्याच फेरोच्या टेबलावर बसला होता. आज हा खेळ कुठल्याच कॅसिनोत दिसत नाही. इतका मोठा खेळ असा पुसला कसा गेला, याचा मी बरेच दिवस पाठपुरावा करतोय, म्हणून हा धागा.

आधी खेळ समजून घेऊ. टेबलावर हिरवी बनात, तिच्यावर इस्पिकचे तेरा पत्ते चिकटवलेले. एक्का ते छक्की एका ओळीत, वळणावर सत्ती, आणि अठ्ठीपासून राजापर्यंत परतीची ओळ. इस्पिक फक्त नावाला, रंगाला इथं काही अर्थच नाही. तुम्हाला राणीवर पैसे लावायचे तर बनातीवरच्या राणीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, ठेवायच्या. मग कुठलीही राणी आली तरी चालते.

वाटणाऱ्यासमोर एक धातूची पेटी असते. पिसलेला, कापलेला अख्खा कॅट तिच्यात उताणा ठेवलेला. वरचा पत्ता सगळ्यांना दिसतो आणि खालची स्प्रिंग बाकीचे पत्ते वर ढकलत राहते. बाजूला एकच पत्ता बाहेर सरकेल एवढी फट. पहिला दिसणारा पत्ता बाद, तो बाजूला जातो. त्याच्या खालचा पत्ता हरणारा : त्या किमतीवर लावलेले पैसे बँक, म्हणजे टेबल चालवणारा, घेते. तोही सरकवला की खाली जो दिसतो तो जिंकणारा : त्याच्यावर लावलेल्यांना बँक एकास एक देते. झाली एक फेरी. अशा पंचवीस फेऱ्या होतात आणि शेवटचा पत्ता पुन्हा बाद. एखादा पत्ता हरणार असं वाटत असेल तर आपल्या चिप्सवर तांब्याचा छोटा षटकोनी तुकडा ठेवायचा, की तुमची पैज उलटी झाली. दोन्ही पत्ते एकाच किमतीचे निघाले, समजा दोन्ही राण्या, तर राणीवरचे अर्धे पैसे बँकेचे. बँकेची नेहमीची कमाई एवढीच.

टेबलाशेजारी आणखी एक माणूस बसायचा. त्याच्यापुढे पाटीसारखी लाकडी चौकट, तिच्यात तेरा तारा आणि प्रत्येक तारेवर चार मणी. पत्ता बाहेर पडला की मणी सरकवायचा. कुठले किती पत्ते उरलेत हे सगळ्या गिऱ्हाइकांना उघड दिसायचं. तिसरा माणूस उंच खुर्चीवर बसून चिप्सवर नजर ठेवायचा.

मला यातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हे, की फेरो गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जवळजवळ बरोबरीचा खेळ होता, आणि नेमका त्यामुळेच तो अमेरिकेतला सर्वांत लबाड खेळ झाला. हे सविस्तर लिहितोच, पण आधी तुमच्याकडे काही माहिती असेल तर येऊ द्या.

मांजराकाठ

हा तर आपल्याकडच्या मांगपत्त्याचा भाऊ वाटतो! आमच्या लातूरकडे यात्रेत, लग्नाच्या मांडवामागे चालायचा. एक पत्ता मागायचा आणि तो अंदर पडतो की बाहेर, यावर पैसे. पत्ते दोन ढिगांत आळीपाळीने पडतात, रंगाला किंमत नाही, खेळणाऱ्याला हातात पत्ते धरावे लागत नाहीत. फरक एवढाच की फेरोत एका वेळी तेरा पत्त्यांवर वेगवेगळी माणसं खेळू शकतात. तिरटला डोकं नि छाती दोन्ही लागतात, मांगपत्त्याला फक्त खिसा. दमूनभागून आलेल्या माणसाला असाच खेळ बरा वाटत असणार.

संभाव्यता

बरोबरीचा म्हणजे किती बरोबरीचा, ते मांडून बघितलं.

पहिला पत्ता बाद झाल्यावर ५१ उरतात. समजा सत्तीवर एक डॉलर आहे आणि चारही सत्त्या अजून पेटीतच आहेत. पुढचे दोन पत्ते क्रमाने यायच्या २५५० शक्यता. त्यातल्या ३७६मध्ये नेमकी एकच सत्ती येते, निम्म्या वेळा तुम्ही हरता, निम्म्या वेळा जिंकता. १२ शक्यतांमध्ये दोन्ही सत्त्या येतात आणि तुमचा अर्धा डॉलर जातो. म्हणजे ३८८ वेळा निकाल लागला तर बँकेच्या पदरात ६ डॉलर. शेकडा दीड. दोन शून्यांच्या रूलेटमध्ये हाच आकडा सव्वापाचच्या वर आहे.

पुढे जाऊन बघा. तीन सत्त्या पडून गेल्या आणि एकच उरली, तर जोडी होणारच नाही. त्या पैजेवर बँकेचा फायदा शून्य. मण्यांची पाटी समोरच आहे, त्यामुळे धीराचा माणूस फक्त अशाच पत्त्यांवर लावत बसू शकतो. एका कॅटमध्ये एकाच किमतीची जोडी सरासरी दीड वेळाच पडते, आणि तीसुद्धा त्या पत्त्यावर कुणी पैसे लावलेले असतील तरच बँकेच्या कामाची.

शेवटचे तीन पत्ते उरले की त्यांचा क्रम सांगण्याची पैज असायची, ना? ती काय दराने देत?

इस्पिकचा एक्का

@संभाव्यता, एकास चार. तीन वेगवेगळ्या पत्त्यांचे सहा क्रम होतात, म्हणजे न्यायाने एकास पाच हवेत. तिथं बँकेला शेकडा सोळाच्या वर सुटत. पण ती पैज एका कॅटमध्ये एकदाच.

आता तुमचं गणित बँकवाल्याच्या बाजूने बघा. वाटणारा, मणी सरकवणारा, राखण करणारा, तीन माणसांचा पगार. सलूनवाल्याचं भाडं. टेबलावर मोठी रोकड मांडून बसायची, ती एका रात्रीत जाऊही शकते. आणि हाती काय, शेकडा दीड, तेही गिऱ्हाईक घायकुतीला आलेलं असेल तर. सरळपणे चालवून हा धंदा परवडत नव्हता, म्हणून जोड्या पाडायच्या. सरासरी दीड पडतात त्या पाच-सहा पाडल्या की काम झालं.

त्यासाठी काय काय करत! पत्त्यांच्या कडा केसभर तासून एका टोकाला निमुळत्या करत. मग पिसताना हव्या त्या किमतीचे पत्ते नुसत्या बोटांना वेगळे लागत आणि जोडीने एकत्र बसवता येत. काही पत्त्यांची पाठ वाळूच्या कागदाने खरखरीत करत, म्हणजे दोन पत्ते एकमेकांना चिकटून एकाच ओढीत बाहेर पडत. पेटीची फट एका खटक्याने दोन पत्त्यांएवढी रुंद करता येई. जास्तीचा पत्ता असा गिळला गेला की हिशेब जुळत नाही, म्हणून मणीवालाही सामील लागे. तो गुपचूप एक मणी जास्त सरकवून टाकायचा.

हे सामान चोरूनमारून बनत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत चाकू-कात्र्यांसाठी नावाजलेलं विल अँड फिंक हे दुकान लबाडीची उपकरणं छापील यादीतून विकत होतं.

गिऱ्हाइकंही लबाडीत कमी नव्हती. तांब्याच्या तुकड्याला घोड्याच्या शेपटीचा केस किंवा रेशमाचा धागा बांधायचा. आपला पत्ता जिंकतोय असं दिसलं की केस हळूच ओढायचा, तुकडा गायब, पैज सरळ!

रॉकीजवाला

मी डेन्व्हरला असतो. हॉलिडेच्या शेवटच्या दिवसांबद्दल थोडं लिहितो, कारण इकडे त्याच्या नावाच्या पाट्या जिथंतिथं आहेत, पण त्याची शेवटची वर्षं कशी गेली ते कुणी सांगत नाही.

जॉर्जियातला चांगल्या घरचा मुलगा. १८७२मध्ये फिलाडेल्फियाहून दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि थोड्याच काळात क्षयाचं निदान झालं. कोरडी हवा मानवेल म्हणून पश्चिमेकडे निघाला. खोकणाऱ्या माणसाकडून दात कोण काढून घेणार? पत्ते वाटायला मात्र कुणाची हरकत नव्हती. टूमस्टोननंतर तो कोलोरॅडोत आला. लेडव्हिल दहा हजार फुटांवर आहे, तिथं धडधाकट माणसाला जिना चढताना धाप लागते, आणि हा फुप्फुसं पोखरलेला माणूस धुराने भरलेल्या सलूनमध्ये रात्ररात्र बसायचा. ऑगस्ट १८८४मध्ये त्याने तिथं बिली ॲलन नावाच्या माणसावर गोळी झाडली. भांडण होतं पाच डॉलरच्या उधारीचं. ॲलन वाचला, पुढच्या वर्षी ज्युरीने हॉलिडेला सोडून दिलं. ८ नोव्हेंबर १८८७ला ग्लेनवूड स्प्रिंग्जमध्ये तो गेला, वय ३६.

हजारो डॉलर हाताखालून गेलेला माणूस पाच डॉलरसाठी पिस्तूल काढतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

निशिगंधा_क

एक्का, यात बायका कुठेच नव्हत्या का? की होत्या आणि त्यांची नावं कुणी घेत नाही?

इस्पिकचा एक्का

होत्या, आणि ठसठशीत होत्या.

सर्वांत आधी दोन्या गर्त्रुदिस बार्सेलो. लोक तिला ला तुलेस म्हणत. सांता फे तेव्हा मेक्सिकोत होतं आणि तिथला सर्वांत नावाजलेला मोंतेचा अड्डा तिचा. मोंते हा ४० पत्त्यांच्या स्पॅनिश कॅटवर चालणारा खेळ. मेक्सिकन कायद्यात लग्न झालेल्या बाईलाही स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत असे, करार करता येत. अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना त्या काळी हे जमत नव्हतं. १८४६च्या युद्धात अमेरिकन फौज सांता फेत आली तेव्हा पैशांची चणचण पडली, आणि या बाईने फौजेला कर्ज दिलं. पूर्वेकडून आलेल्या पाहुण्यांनी तिच्याबद्दल फार हिणकस लिहून ठेवलंय. ते वाचताना तिचा हिशेब किती चोख होता याकडेच माझं लक्ष जातं. ती १८५२मध्ये वारली.

दुसरी एलेनॉर ड्युमाँ. १८५४मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी या खाणींच्या गावात आली आणि एकवीसचा, म्हणजे आजच्या ब्लॅकजॅकच्या पूर्वजाचा अड्डा उघडला. पुढची पंचवीस वर्षं ती एका खाणगावातून दुसऱ्यात जात राहिली. उतारवयात लोक तिला मिशीवाली बाई म्हणून हाक मारू लागले. सप्टेंबर १८७९मध्ये बोडीत तिने मॉर्फिन घेऊन जीव दिला.

पोकर ॲलिस म्हणजे ॲलिस आयव्हर्स. जन्म इंग्लंडचा, खाणीत काम करणारा नवरा अपघातात गेल्यावर तिने पत्त्यांवर संसार ओढला. ती १९३०पर्यंत जगली. तोंडात सिगार धरलेले तिचे म्हातारपणीचे फोटो आहेत.

हुकूमाची राणी

आणि तो नेमबाज वाइल्ड बिल हिकॉक? पोकर खेळताना त्याचा खून झाला तेव्हा हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या, म्हणून त्या पत्त्यांना मेलेल्या माणसाचा हात म्हणतात, हे तरी खरं ना?

रॉकीजवाला

खून अगदी खरा. २ ऑगस्ट १८७६, डेडवुड, नटल अँड मॅन यांचं सलून. हिकॉक नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा. त्या दुपारी ती खुर्ची चार्ली रिचने घेतली होती, हिकॉकने बदलून मागितली, त्याने दिली नाही. जॅक मॅकॉलने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. खेळ पाच पत्त्यांचा ड्रॉ पोकर.

पत्त्यांची गोष्ट मात्र लोकांमध्ये पसरली ती १९२६च्या सुमारास, म्हणजे खुनानंतर पन्नास वर्षांनी. त्या वेळच्या बातम्यांत हातातले पत्ते कुणी नोंदवलेले नाहीत. पाचवा पत्ता कुठला यावर आजही लोक वाद घालतात, पण पहिल्या चारांचाही पुरावा नाही.

यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब खटल्याची आहे. डेडवुडमध्ये खाणवाल्यांनीच कोर्ट भरवलं आणि मॅकॉलला निर्दोष सोडलं. पण डेडवुड वसलं होतं लाकोटा या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर, १८६८च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने त्यांना दिलेल्या. गावच बेकायदा, तर गावाचं कोर्ट कुठलं कायदेशीर? म्हणून यँक्टनला पुन्हा खटला चालला आणि १ मार्च १८७७ला त्याला फाशी झाली. ज्या टेबलावर हिकॉक मेला ते टेबलच दुसऱ्याच्या जमिनीवर होतं.

मांजराकाठ

@रॉकीजवाला, हे पहिल्यांदाच कळलं. आणि जमिनीच्या त्या मूळ मालकांचेही जुगार होतेच की. हाडाच्या दोन तुकड्यांपैकी खूण असलेला कुठल्या मुठीत आहे ते ओळखायचं, गाणी म्हणत, दोन तट पाडून. पश्चिमेतल्या बहुतेक जमातींत हा खेळ गोरे यायच्या कितीतरी आधीपासून होता आणि अजूनही खेळतात. पश्चिमेतला जुगार म्हणजे फक्त सलून, असं नको व्हायला.

बनात

मला वेगळं विचारायचंय. एवढा जुगार तिथंच का बोकाळला? पूर्वेला फिलाडेल्फिया, बोस्टनमध्येही पत्ते होतेच ना?

इस्पिकचा एक्का

होते, पण तिकडे लपूनछपून. दक्षिणेत तर १८३५च्या जुलैमध्ये मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गमध्ये जमावाने पाच जुगाऱ्यांना खटल्याशिवाय फासावर लटकवलं. त्यानंतर किती तरी धंदेवाईक पत्तेबाज गावं सोडून आगबोटींवर गेले. बोट रोज नव्या धक्क्याला लागते, गिऱ्हाईक नवं, आणि गावाचा जमाव तिथं पोचत नाही.

मग १८४८च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत हजारो तरुण पुरुष, घर नाही, बायको नाही, बँक नाही, आणि खिशात सोन्याची भुकटी. ती ठेवायची कुठे? जुगाराचा अड्डा ही गावातली सर्वांत उबदार, सर्वांत उजळ जागा. भाडी बघा म्हणजे अंदाज येईल. १८४९मध्ये पोर्ट्समथ चौकातल्या पार्कर हाउसचं भाडं वर्षाला १,१०,००० डॉलर, त्यातले ६०,००० एकट्या जुगाऱ्यांकडून, जवळजवळ अख्ख्या दुसऱ्या मजल्याचे. शेजारी एल्डोराडो नावाचा पंधरा बाय पंचवीस फुटांचा कापडी तंबू. त्याचे ४०,०००! एवढं भाडं भरून शेकडा दीडवर कुणी जगू शकेल का, याचं उत्तर @संभाव्यता यांनीच दिलंय.

कॅन्ससमध्ये सोन्याऐवजी गुरं. टेक्सासहून कळप हाकत आलेल्या काउबॉयला महिन्याला तीस-चाळीस डॉलर, आणि तेही दोन-तीन महिन्यांनी एकरकमी, डॉज सिटीत गुरं विकली गेल्यावर. रेल्वे स्टेशनच्या समोरच सलूनांची रांग.

पोकरही मागे नव्हता. टूमस्टोनच्या ओ.के. कोरलची, म्हणजे अर्प बंधू आणि क्लँटन-मॅक्लॉरी यांच्यातली गोळीबाराची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ची. आदल्या रात्री आइक क्लँटन, टॉम मॅक्लॉरी, शेरीफ बीहन आणि मार्शल व्हर्जिल अर्प एकाच टेबलावर पहाटेपर्यंत पोकर खेळत बसले होते. दुपारी त्याच व्हर्जिलच्या बाजूने झाडलेल्या गोळ्यांत मॅक्लॉरी मेला.

संभाव्यता

मग पोकर टिकला आणि फेरो गेला, याचं कारण पैसे कुठून येतात तिथंच आहे. पोकरमध्ये माणसं आपसात खेळतात, घरवाला, म्हणजे अड्ड्याचा मालक, फक्त नाल (डावातला ठरलेला हिस्सा) काढतो. कोण जिंकतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे लबाडी करायची त्याला गरज नाही. लबाडी झालीच तर खेळणाऱ्यांत.

चिनी लोकांचा फॅन-टॅनही तसाच. रेल्वे बांधायला आणि खाणींत आलेल्या चिनी मजुरांनी तो कॅलिफोर्निया-नेवाडात आणला. मूठभर नाणी किंवा गुंड्या वाटीखाली झाकायच्या, मग काठीने चार-चार बाजूला सारत जायचं. शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात, यावर पैज. जिंकणाऱ्याच्या रकमेतून घरवाला ठरलेला हिस्सा उघडपणे कापून घेतो. मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बोटाने नव्हे तर काठीने. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी मात्र बदनामीसाठी हेच अड्डे निवडले.

इस्पिकचा एक्का

@संभाव्यता, अगदी हेच मला म्हणायचं होतं, आणि फॅन-टॅनचा दाखला चपखल आहे.

खेळणाऱ्यांतल्या लबाडीवरून केप्लिंगर आठवला. १८८८, सॅन फ्रान्सिस्को. हा इतर पत्तेबाजांबरोबर पोकर खेळायचा आणि सारखा जिंकायचा. खुर्चीत ताठ बसलेला, हात सगळ्यांना दिसताहेत. शेवटी त्याच्याबरोबर खेळणाऱ्या तिघांनी एका रात्री त्याला धरून झाडा घेतला. बाहीत चिमटा, तिथून अंगाखालून नळ्या आणि दोरी, थेट गुडघ्यांपर्यंत. गुडघे फाकवले की चिमटा तळहातात येतो, मिटले की पत्ता घेऊन बाहीत परत. चोपून काढण्याऐवजी त्यांनी अट घातली : आम्हालाही असंच एकेक यंत्र बनवून दे.

फेरोचं पुढे काय झालं तर, नेवाडाने १८६९मध्ये जुगार कायदेशीर केला होता, पण १९१०च्या ऑक्टोबरपासून तिथंही बंदी आली. तोवर पश्चिमेतली बाकीची राज्यंही एकेक करून दारं लावत होती. १९३१च्या मार्चमध्ये नेवाडाने बंदी उठवली तेव्हा कॅसिनोवाल्यांपुढे फाशांचा क्रॅप्स होता, रूलेट होतं, आणि चार्ल्स फेच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कारखान्यातून निघालेल्या स्लॉट मशीनची पिल्लावळ होती. मशीनला पगार नाही, राखणदार नाही, नफा हवा तेवढा आतच बसवलेला. तीन माणसं बसवून शेकडा दीडचा फेरो कोण मांडणार? सरकारी तपासनीस आल्यावर जोड्या पाडायची सोयही उरली नाही. सरळ झाल्यावर तो परवडेना.

हुकूमाची राणी

दिवाळीत आमच्याकडे वीस माणसं जमतात आणि रमीला सहाच बसतात, बाकीचे जांभया देतात. फेरो घरी मांडता येईल का? पैशांशिवाय, चिंचोक्यांवर?

इस्पिकचा एक्का

नक्की येईल, वीस माणसांना याच्याइतका चांगला खेळ नाही. दोन कॅट घ्या. एकातले इस्पिकचे तेरा पत्ते चादरीवर मांडा, सत्ती वळणावर. दुसरा कॅट पिसून, कापून पालथा हातात धरा. पहिला पत्ता बाद, मग डावीकडे हरणारा, उजवीकडे जिंकणारा. उलट्या पैजेसाठी चिंचोक्यांवर एक शर्टाची गुंडी ठेवायची. मण्यांच्या पाटीचं काम घरातल्या शाळकरी पोराला द्या : कागदावर तेरा रकाने, पत्ता पडला की काट. ते पोर पाचव्या फेरीपासून सगळ्या मोठ्यांना सल्ले द्यायला लागतं. शेवटच्या तिघांच्या क्रमावर एकास पाच द्या, चार नव्हे. आणि बँक दर कॅटला पुढच्या माणसाकडे फिरवा.

हुकूमाची राणी

लिहून घेतलं. जोडी पडली तर अर्धे चिंचोके बँकेचे, बरोबर? विषम असतील तर?

इस्पिकचा एक्का

बरोबर. विषम असतील तर उरलेला एक खेळणाऱ्याचा.